‘ते औषध मिळतं कुठं?’ या प्रश्नाला घाबरू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मिरजेकडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता, क्षारपड, म्हणजे मीठ साठून बिघडलेल्या, जमिनीतल्या जिवाणूंवर पीएचडी चालू आहे, कुंड्यांमधल्या उसावर निकाल चांगले आलेत. आता विज्ञान दिनाला कृष्णाकाठच्या एका गावात बोलायला बोलावलंय. मागच्या वेळी अशाच कार्यक्रमात निम्मे लोक मधेच उठून गेले आणि उरलेल्यांपैकी एकाने विचारलं, “ते औषध मिळतं कुठं?” तुम्हाला काही सुचेना. सोपं करून सांगावं तर मार्गदर्शक म्हणतात चुकीचं होतंय, बरोबर सांगावं तर कुणाला कळत नाही. मग सोपं करायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

मी मृदाशास्त्र शिकवते आणि सातारा-सांगलीच्या गावांतून माती, पाणी, निचरा यांवर बोलत आलेय. मला तुमची अडचण सोपं करण्याची वाटत नाही. ‘औषध कुठं मिळतं’ विचारणाऱ्याला तुमचं भाषण कळलं नव्हतं असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते त्या सभागृहात सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा तोच होता. त्याने ऐकलं, स्वतःच्या रानापुरता अर्थ काढला आणि आता पुढे काय करायचं ते विचारलं. त्या ‘पुढे काय’चा तुमच्या तयारीत कुठे विचारच नव्हता.

म्हणून स्लाइड्स करायला बसण्याआधी एका कागदावर लिहा: समोर बसलेला माणूस हे ऐकून उद्या काय करेल, किंवा काय करायचं थांबवेल? वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत नदीकाठाला जिथे जमीन पांढरी पडलीय, तिथल्या शेतकऱ्यापुढचे प्रश्न ठरलेले आहेत. जिप्सम टाकू का? पाणी किती देऊ? जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा तर पैसे कुठून आणू, आणि खालच्या अंगाचा शेजारी त्याच्या रानातून पाणी काढू देईल का? ऊस मोडून दुसरं काही लावू का? आणि कृषी सेवा केंद्रवाला जिवाणूंची बाटली गळ्यात मारतोय, ती घेऊ का? तुमचं संशोधन यातल्या फक्त शेवटच्या प्रश्नाला शिवतं, आणि त्यालाही तुमचं आजचं उत्तर ‘अजून सांगता येत नाही’ असंच आहे. यात ओशाळण्यासारखं काही नाही. पण हे तुम्हीच स्पष्ट केलं नाही, तर लोक तुमच्या भाषणातून आधीच्या चार प्रश्नांचीही उत्तरं काढतील. ती तुम्ही दिलेली नसतील, पण नावावर तुमच्याच लागतील.

गैरसमज नेमका कुठे होतो ते बघा. ‘क्षारपड जमिनीत तग धरणारे आणि पिकाची वाढ सुधारणारे जिवाणू’ या वाक्यात तुमच्या मार्गदर्शकांना खोट काढता येणार नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र ते ‘जिवाणू टाकले की मीठ जातं’ असं उतरतं. त्याच्या लेखी रोग म्हणजे मीठ, आणि औषध म्हणजे रोग घालवणारं. तेव्हा तुमची सुरुवातच अशी हवी: “हे जिवाणू मीठ खात नाहीत. जमिनीत मीठ आहे तेवढंच राहतं. मिठात उभ्या असलेल्या उसाला तग धरायला ते थोडी मदत करतात, आणि हे आम्ही अजून कुंडीतच बघितलंय.” मर्यादा शेवटच्या स्लाइडसाठी राखून ठेवू नका. शेवटच्या स्लाइडपर्यंत चहा आलेला असतो.

हे तग धरणं कसं घडतं, तेही सांगता येतं, आणि सांगलीत तर फारच सोपं आहे. तुमच्या जिवाणूंमध्ये एसीसी डीअमिनेज हे एन्झाइम सापडलं असं तुम्ही लिहिलंय. क्षाराचा ताण आला की झाड स्वतःच इथिलीन वायू जास्त बनवतं आणि त्याने मुळांची वाढ खुंटते. एसीसी हा त्या वायूचा कच्चा माल. जिवाणू मुळांभोवती राहून तो कच्चा माल फस्त करतात, इथिलीन कमी बनतं, मुळं चालू राहतात. आता तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षवाल्याला इथिलीन शिकवायला जाऊ नका. ऑक्टोबर छाटणीआधी पानगळीसाठी तो इथ्रेल मारतो, त्यातून सुटतो तो हाच वायू. “तुम्ही वेलीवर बाहेरून मारता, ते मिठातला ऊस आतल्या आत स्वतःवर मारून घेतो,” एवढं म्हटलं की पुढची रांग सरसावून बसते. ज्याने इथ्रेलचं प्रमाण चुकल्यावर काय होतं ते पाहिलंय, त्याला वाढीवर हुकूम चालवणारा वायू म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

याउलट आपल्याकडे एक लाडकी युक्ती आहे, ‘जिवाणू म्हणजे मातीतले मावळे’. साताऱ्यात तर याला हमखास टाळी. पण टाळ्या वाजवणारा घरी काय घेऊन जातो? मावळे लढतात आणि जिंकतात, एवढंच. म्हणजे पुन्हा ‘मीठ हरणार’. अशी उपमा फक्त सोपी असते असं नाही, ती तुमच्या निकालापेक्षा दोन पावलं पुढचं बोलून जाते. ऐकणाऱ्याच्या हातातली खरी गोष्ट सापडली, इथ्रेलसारखी, तर उपमेची गरजच पडत नाही. अशी गोष्ट शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ गावातच घालवावा लागतो.

आता कुंडी आणि रान. तुमच्या सगळ्या भाषणात हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो आणि संशोधक नेमका तोच गिळून टाकतात. कुंडीत पाणी तुम्ही मोजून घालता, क्षार किती असावा ते तुम्ही ठरवता, पुष्कळदा माती आधी निर्जंतुक केलेली असते. रानात पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते. काळ्या भारी जमिनीत ती मुळांच्या जवळ आली की पाणी केशाकर्षणाने वर चढतं, वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे सोडतं, रोज थोडं थोडं. तुमच्या जिवाणूंना तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेल्या जिवाणूंमध्ये जागा करायची असते. त्यात कुंडीतला प्रयोग काही महिन्यांत आटोपतो, तर आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो आणि मधे एक अख्खा उन्हाळा येतो. हे जसंच्या तसं सांगा. ‘प्लॉटवर आलं ते माझ्या रानात येईल का’ हा हिशेब शेतकरी प्रत्येक नव्या वाणाच्या वेळी करतोच.

वाणाचंच उदाहरण घ्या. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राचा फुले 265 क्षारपड रानातही बरा येतो म्हणून लोकांनी उचलला. तो प्रयोगशाळेतून थेट बांधावर आला नव्हता. आधी केंद्राच्या शेतावर, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या, लागण आणि खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटणारा ऊस) दोन्हींचे आकडे, मग शिफारस. ही रांग लोकांसमोर मांडा आणि तुमचं काम त्यात कुठे उभं आहे ते दाखवा: अगदी सुरुवातीला. माझा अनुभव असा, की यावर लोक नाराज होत नाहीत. उलट कुणीतरी विचारतोच, “मग चाचणीला आमचं रान घ्या की!” ‘औषध कुठं मिळतं’ विचारणारा बहुधा हाच असतो. त्याला देण्यासारखं उत्तर आता तुमच्याकडे आहे: “अजून कुठंच मिळत नाही. रानातल्या चाचणीसाठी जागा बघतोय, कबूल असेल तर नाव लिहून द्या. आणि दुकानात कुणी ‘क्षारपड जमीन सुधारणारे जिवाणू’ म्हणून बाटली दिली, तर ती आमची नाही.” हे शेवटचं वाक्य विसरू नका. जैविक खतांना 2006 पासून खत नियंत्रण आदेश लागू आहे, पण लेबलवरचे दावे वाचून पैसे मोजणारे कमी नाहीत, आणि तुमच्या भाषणाचा फायदा उठवणारा विक्रेता कधीकधी मागच्याच खुर्चीत बसलेला असतो.

आकड्यांचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. टक्केवारी आणि पी व्हॅल्यू सभेत नको, हे तुम्हाला कळलेलंच आहे. त्याहून धोक्याचा आकडा वेगळा आहे. शोधनिबंधात जमीन क्षारयुक्त ठरते ती मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता, 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की. शेतकऱ्याच्या हातातल्या माती परीक्षण अहवालात मात्र ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा मिश्रणात मोजलेली असते. पाणी जास्त, म्हणून आकडा बराच लहान येतो. तुम्ही व्यासपीठावरून ‘चारच्या वर धोका’ म्हणालात, की ज्याच्या कागदावर 1.3 लिहिलंय तो कागदाची घडी घालून निर्धास्त घरी जातो. त्याचं रान चांगलंच बिघडलेलं असू शकतं. शिवाय ऊस त्या चारची वाट बघत नाही. सर्वमान्य तक्त्यांप्रमाणे संपृक्त अर्काची ईसी 1.7 च्या पुढे गेली की उसाचं उत्पादन घटायला लागतं, आणि द्राक्ष त्याहून नाजूक. तेव्हा आकडा द्यायचाच असेल तर लोकांना आपापले अहवाल घेऊन यायला सांगा आणि त्या कागदावरच्या आकड्याचा अर्थ तिथल्या तिथे सांगा.

आकडा माणसाच्या जागेशी जोडला की काय होतं, हे सांगलीकराला पुरात दिसतं. कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, ही बातमी सगळे ऐकतात, पण विचारतात ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी, आणि कितव्या फुटाला सूर्यवंशी प्लॉटात, कितव्या फुटाला दत्तनगर-काकानगरात पाणी शिरतं, हे तिथल्या बायाबापड्यांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर घराच्या भिंतीवरची खूण हेच मोजमाप झालं. याच शहरात ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग मात्र सपशेल फसतो. ऐकणारा म्हणतो, 2005 ला आला, 2019 ला आला, 2021 ला पुन्हा आला, मग तुमची शंभर वर्षं गेली कुठे? दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक निघते. हे गृहकर्जाच्या भाषेत सांगितलं की घर घेणारा कान टवकारतो. तुमच्या विषयात पूर नाही, पण तुमच्या ईसीचा ‘आयर्विन पूल’ कोणता, ते तुम्हाला शोधायचंय. मी बहुधा उगवणीवरून सांगते: कोणत्या पट्ट्यात उसाच्या कांड्यांचे डोळे फुटलेच नाहीत, कुठे फुटून करपले, कुठे ऊस नुसता खुरटला. रानात खुरपायला जाणाऱ्या बायकांना हे पट्टे वाफ्यावाफ्याने सांगता येतात. त्या कार्यक्रमाला आल्या तर दाराशी उभ्या राहतात. त्यांना पुढे बसवा आणि आधी त्यांना बोलतं करा.

एवढ्यापर्यंतचं एका दमात: ऐकणारा काय ठरवणार आहे ते आधी ओळखा, दावा आणि मर्यादा एकाच श्वासात सांगा, कुंडी आणि रान यातला फरक लपवू नका, आणि आकडा द्याल तो त्याच्या कागदावरचा किंवा त्याच्या रानातला द्या.

आता अवघड भाग. क्षारपड जमिनीचं कारण सांगायला गेलात की तुम्ही समोरच्यालाच दोष देताय असं वाटणार. भारी काळी जमीन, उसाला पाटाने भरमसाट पाणी, बुजवलेले ओढे आणि चर, निचऱ्याला वाट नाही, म्हणून पाण्याची पातळी वर आली. शास्त्र म्हणून यात वाद नाही. पण उपसा सिंचनाची पाळी आली की पाणी सोडावंच लागतं, कारण पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. रात्रीची वीज असेल तर दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, कोण उभं राहणार? हे माहीत नसताना ‘जास्त पाणी देऊ नका’ म्हणालात, तर तुमचं बाकी सगळं भाषण तिथेच संपलं. त्यात वरच्याचं पाणी झिरपून खालच्याची जमीन जाते, त्यामुळे जो भोगतो त्यानेच चूक केलेली असते असंही नाही. मी हा भाग भाषणात घेतच नाही. गावाचा नकाशा अंथरते, ओढे कुठून कुठे जायचे ते म्हाताऱ्या माणसांना दाखवायला सांगते. अर्ध्या तासात कुणी कुठला चर बुजवला यावरून भांडण लागतं, आणि निचऱ्याचं शास्त्र त्या भांडणातच सगळं सांगून होतं. तुम्ही नवखे आहात, हे पहिल्याच फेरीत करू नका. गावातला जाणता माणूस किंवा कारखान्याच्या शेती विभागातला समंजस कर्मचारी सोबत असेल तरच.

लोकांना माहिती कमी आहे, ती भरली की विश्वास आपोआप येतो, या समजुतीवर विज्ञान प्रसाराचा मोठा डोलारा उभा राहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1985 मध्ये लोकांच्या विज्ञान-आकलनावर अहवाल काढला, त्याच्या आगेमागे हा सूर जोरात होता. पुढे 2000 साली तिथल्याच हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने आता संवाद हवा असं म्हटलं. आपल्याकडे मात्र कार्यक्रमाचा साचा जुनाच आहे: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन प्रास्ताविकं, मग पाहुण्यांना उरलेला वेळ, आणि कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फाइलसाठी फोटो. तासाच्या कार्यक्रमात तुम्हाला मिळतात पंचवीस मिनिटं. ती धरूनच तयारी करा. संयोजकांना सत्कार शेवटी ठेवायला सांगून बघा. ऐकतीलच असं नाही.

त्या पंचवीस मिनिटांत एक प्रयोग जरूर करा. पाण्याच्या दोन रिकाम्या, पारदर्शक बाटल्या घ्या, लेबल काढून. गावातल्याच दोन रानांची वाळलेली माती, एक नुसती क्षारयुक्त आणि एक चोपण (सोडियम जास्त झालेली), अशी आधी तपासून आणलेली. प्रत्येक बाटलीत दोन-तीन चमचे माती, वर पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. बोअरचं घेऊ नका, त्यातल्या क्षारांनीच चिकणमाती खाली बसते आणि प्रयोग फसतो. हलवा आणि टेबलावर ठेवून द्या, आल्या आल्याच, म्हणजे सत्कार होईपर्यंत निकाल तयार असतो. क्षारयुक्त मातीचं पाणी वरून निवळायला लागतं. चोपण मातीचं पाणी चहासारखं गढूळच राहतं, कारण सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होऊन तरंगत राहतात. रानात हेच कण छिद्रं बुजवतात, म्हणून चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, वर साचतं, आणि वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही. आता त्या गढूळ पाण्यातलं थोडं तिसऱ्या बाटलीत ओता, चिमूटभर जिप्सम टाका, हलवा. थोड्या वेळात कापूस पिंजल्यासारखे पुंजके होऊन खाली बसायला लागतात. लोक खुर्च्या सोडून टेबलाभोवती येतात.

इथे जिप्समचा प्रश्न निघणारच, तुमचा विषय असो वा नसो. जिप्सम लागतं ते चोपण जमिनीला, जिथे सोडियम जास्त आहे आणि सामू (पीएच) सहसा साडेआठच्या वर गेलाय. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला मीठ धुऊन बाहेर काढायला निचरा लागतो. तिथे जिप्समची पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तुमच्या बाटल्यांनी एवढं जरी पोचलं तरी काहींच्या खिशाला तात्काळ फायदा होतो, आणि मग तुमच्या जिवाणूंबद्दल ते सबुरीने ऐकतात. पण बाटलीला निदान म्हणू नका. क्षारयुक्त-चोपण मातीत क्षार भरपूर असेपर्यंत पाणी निवळलेलं दिसतं आणि क्षार धुऊन गेल्यावर तीच माती चोपण निघते. निदान प्रयोगशाळेत. मातीचे नमुने आणि सल्ला यांसाठी कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र तुमच्या जवळ आहे, तिथल्या लोकांशी आधी बोलून घ्या. तुम्ही एक सांगितलंत आणि त्यांनी दुसरं, असं झालं तर गाव दोघांनाही सोडून देतं.

हे सगळं तुमच्या विषयाला लागू आहे. ज्याच्या संशोधनातून कुणाला काहीच ठरवायचं नाही, त्याला ‘उद्या काय करणार’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. साताऱ्यात कासच्या पठारावर काम करणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाने वायतुरा नाहीतर कंदीलपुष्प दाखवावं. कंदीलपुष्पाच्या नळीत माशी शिरते, आतले खाली वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत, आणि पराग देण्याघेण्याचं काम उरकल्यावर केस सुकतात, माशी सुटते. याचा उपयोग काय, असं कुणी विचारत नाही. उलट कोयना परिसरात भूकंपावर काम करणाऱ्याला लोक एकच विचारतात: पुढचा कधी? 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवणारी माणसं अजून पाटणमध्ये आहेत. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठीच प्रयोगशाळा आहे, गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन अभ्यास झालाय, तरी दिवस-वेळ सांगता येत नाही, आणि ते ‘सांगता येत नाही’ स्वच्छ शब्दांत म्हणावं लागतं. लगेच पुढे घर कसं बांधावं ते सांगावं. तुमचं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे.

अजून एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. तुम्ही कायम आहात की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? तासिकेवर असाल, तर खतविक्रेता किंवा कारखाना दुखावेल असं जाहीर बोलण्याआधी विभागप्रमुखांना लेखी कळवून ठेवा. भित्रेपणा म्हणा हवं तर. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते.

पेटंटचा विचार असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत जिवाणूचं नेमकं नाव, वाण, तयार करण्याची पद्धत गावातही बोलू नका आणि वर्तमानपत्रातही नको. एकदा जाहीर झालं की नवेपणाचा दावा अडचणीत येतो. बातमीदार येणारच, कारण त्या दिवशी त्यालाही विज्ञान दिनाची बातमी हवी असते. त्याला तोंडी सांगून सोडू नका. आधीच लिहून ठेवलेल्या पाच ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्यात ‘शेतात अद्याप चाचणी झालेली नाही’ ही ओळ दुसऱ्या क्रमांकावर घाला, कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. मथळा तुमच्या हातात नसतो. ‘क्षारपड जमिनीवर रामबाण उपाय’ छापून आलंच, तर दुसऱ्या दिवशी संपादकांना दोन ओळींचा खुलासा पाठवा आणि तोच गावच्या ग्रुपवर टाका. गावाला खुलासा कळणं जास्त गरजेचं, कारण बाटली विकणारा त्या कात्रणाची झेरॉक्स काढून ठेवतो.

मार्गदर्शकांशी वाद घालत बसू नका. ‘मीठ खात नाहीत’पासून सुरू होणारी ती तीन वाक्यं त्यांना पाठवा आणि यातलं कोणतं चूक आहे ते विचारा. त्यांनी बदल सुचवला तर तो त्यांच्याकडूनच लिहून घ्या, बोलण्यातल्या मराठीत. जमलं तर त्यांना गावात सोबत न्या.

राहिली तारीख. 28 फेब्रुवारी रमण परिणामाची आहे, गावाच्या सोयीची नाही. तेव्हा ऊसतोड चालू असते, द्राक्षाची काढणी असते, निम्मं गाव बेदाण्याच्या शेडवर. मागच्या वेळी लोक उठून गेले त्यात तुमच्या बोलण्याचा वाटा किती आणि ऊसतोडीची टोळी आली म्हणून फोन आल्याचा किती, कोण जाणे. कॉलेजच्या कागदावर विज्ञान दिन कॉलेजातच साजरा होऊ द्या, गावाला मे महिन्यातली संध्याकाळ मागा, दूध घालून झाल्यावरची. तेव्हा रानं मोकळी असतात, मीठ वर फुटलेलं असतं, आणि पावसाआधी मातीचे नमुने काढायला लोकांच्या हातात वेळ असतो.